विल्फ हेपवर्थचा शेवटचा सोलो

विल्फ हेपवर्थचा सोलो मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. मी बहिरा नाही, आणि लांबही नव्हतो. त्याच्याच बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचो, त्याच्या डाव्या झांजेपासून हातभर अंतरावर. पण आमच्याकडे ड्रमरचा सोलो सुरू झाला की बाकीच्यांनी वाद्यं खाली ठेवून बारवर जायचं असतं. ही रीत कुणी घातली ते माहीत नाही, पण चर्चला दांड्या मारणारे आम्ही ही रीत मात्र कधी चुकवली नाही. दर रविवारी दुपारी, उत्तर इंग्लंडातल्या आमच्या हॅलिफॅक्सच्या 'रॅम्स हेड' पबात, दीड वाजून गेला की विल्फ एकटा स्टेजवर बडवत बसायचा आणि आम्ही पाच जण बारला टेकून, त्याच्याकडे पाठ करून, फुटबॉलवर भांडत असायचो.

आम्हाला पाच पाइंट आणि त्याला एक, असे सहा ग्लास बारमागची एडना भरायची. सहावा ग्लास ट्रेवर आला की विल्फचा सोलो बरोबर संपायचा. मग आम्ही ट्रे घेऊन स्टेजवर परतायचो. किती समजूतदार माणूस आहे, असं आम्ही आपापसात म्हणायचो. दुसरे ड्रमर एकदा सुटले की थांबत नाहीत, बिअर कोमट होते.

विल्फची कारकीर्द सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. टॉफीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईच्या पोटी तो जन्मला आणि सातव्या वर्षी चर्चच्या मुलांच्या पथकात ढोल वाजवू लागला. पथक उजवीकडे वळलं तरी हा सरळ जायचा, कारण ढोल त्याच्यापेक्षा मोठा होता आणि त्याला पुढचं काही दिसायचं नाही. एकदा तो असा वाजवत वाजवत एका अनोळखी लग्नात शिरला आणि केक खाऊन परत आला. दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्याच्या बँडमध्ये घेतलं. तिथे त्याने शत्रूला काही केलं नाही, पण एका ब्रिगेडियरच्या घोड्याला कायमचं बिथरवलं.

लढाई संपल्यावर तो न्यूयॉर्कला जाणाऱ्या मोठ्या बोटीवर ड्रमर म्हणून लागला. त्या काळी आमच्याकडच्या प्रत्येक वाजवणाऱ्याला बोटीवर नोकरी हवी असायची, कारण पलीकडे उतरलं की खरा जॅझ कानांनी ऐकता यायचा. बोटीवर विल्फने नाव काढलं. एकदा वादळात बोट कलली आणि त्याचा मोठा ड्रम नाचणाऱ्या जोडप्यांमधून गडगडत निघाला. हा मागोमाग धावत त्याच्यावर ठोके देत राहिला. ताल चुकला नाही. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि त्यांनी पुन्हा कर म्हणून सांगितलं. तेव्हापासून तो मोठा ड्रम आपल्या स्टुलाला आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधायचा.

बोटीवरच्या कीर्तीमुळे त्याला लंडनच्या एका चांगल्या क्लबाने बोलावलं. तिथे मात्र माशी शिंकली. पहिल्याच आठवड्यात त्याचे सोलो इतके रटाळ झाले की लोक पेपर वाचायला लागले. सहा महिन्यांत तो हॅलिफॅक्सला परत आला. "काय झालं रे?" म्हणून विचारलं की एवढंच सांगायचा, "तिथे नुसती कॉफी मिळते." क्लबाला दारूचा परवाना नव्हता हे खरं, पण म्हणून माणूस नोकरी सोडतो का? आम्हाला वाटलं, तहान अनावर झाली असेल. आम्हाला ते पटलंही.

मग अठ्ठावन्न साली आमच्या बँडमध्ये आला आणि 'रॅम्स हेड'मध्ये पहिल्याच रविवारी त्याचा सोलो पुन्हा उजळला. म्हणजे लोक म्हणाले, उजळला. मी बारवर होतो.

चौऱ्याहत्तर साली लंडनच्या एका संगीताच्या पत्राचा समीक्षक गाडी चुकल्यामुळे आमच्या पबात अडकला आणि विल्फचा सोलो ऐकून वेडा झाला. त्याने लिहिलं की तीन दीर्घ उसळ्या, मग अर्थाने ओथंबलेला थांबा, मग दोन-तीन छोटे, जणू संकोचलेले ठोके. आणि हेच असं सहा वेळा. या रचनेत उत्तरेकडच्या गिरणी कामगारांचा दबलेला आक्रोश आहे. विल्फला कशाचाही आक्रोश नव्हता. तो टॉफीच्या कारखान्यात वेष्टनं तपासायचा आणि दुपारी फुकट टॉफी खायचा.

तो लेख आम्ही बारवर मोठ्याने वाचला आणि हसलो. विल्फ हसला नाही.

"तो परका माणूस एकदा आला, बसला, ऐकून गेला," तो म्हणाला. "तुम्ही गाढवं सोळा वर्षं माझ्याकडे पाठ करून पिताय."

"अरे पण तुझाही पाइंट आणतो ना आम्ही," मी म्हणालो.

"मोठे उपकार झाले," विल्फ म्हणाला, आणि ग्लास उचलला. विषय तिथेच संपला. पण माझ्या मनात ते काट्यासारखं राहिलं. पुढची बारा वर्षं मी दर रविवारी ठरवायचो, आज बसून ऐकायचं; आणि दर रविवारी पाय बारकडे वळायचे.

शहाऐंशीच्या सप्टेंबरात विल्फचा खुबा गेला. डॉक्टरने मोठ्या ड्रमचं पायाने मारायचं पेडल बंद म्हणून सांगितलं. त्याच्या बहिणीकडे, ब्रिडलिंग्टनला समुद्रकाठी, तळमजल्यावर एक खोली रिकामी होती. लग्न त्याने केलंच नव्हतं. तिथेच राहायला जायचं, शनिवारी सामान हलवायचं असं ठरलं आणि त्याच्या आधीचा रविवार त्याचा शेवटचा ठरला.

आमचा म्होरक्या रेजी पिकल्स. ट्रम्पेट वाजवायचा आणि आठवडाभर लोकांच्या अंत्ययात्रा चालवायचा, त्यामुळे कुठलाही प्रसंग जास्तीत जास्त गंभीर करायची त्याला खोड होती. त्याने आम्हाला शुक्रवारी पबात बोलावलं आणि घसा साफ केला.

"या रविवारी विल्फच्या सोलोच्या वेळी कुणीही बारवर जायचं नाही," तो म्हणाला. "आपण स्टेजवर बसायचं. हाताची घडी. पूर्ण शांतता. त्याची अठ्ठावीस वर्षांची इच्छा आहे."

मी सगळ्यात आधी हो म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मेल्याला एकदा तरी नीट ऐकू, मग जाऊ दे त्याला समुद्रकाठी.

"आणि एडना," रेजी बारकडे वळून म्हणाला, "तेवढा वेळ तूही कुणाला काही द्यायचं नाहीस. मी पाटी लिहून आणतो."

एडना बीव्हर्स ही पबची मालकीण. नवरा गेल्यावर एकटीने पब चालवणारी, कमी बोलणारी बाई. बिअरच्या पंपाचा दांडा ओढून ओढून तिचे दंड असे झाले होते की भांडखोर गिऱ्हाईक तिने बाही सरसावली तरी घरी जायचं. तिचं आणि विल्फचं बोलणं मी अठ्ठावीस वर्षं ऐकत आलो होतो. आल्यावर तो म्हणायचा, "काय एडना." ती म्हणायची, "काय विल्फ." जातानाही तेच.

"नको रे," एडना म्हणाली. "त्याला त्याच्या पद्धतीने वाजवू दे. तुम्ही आपले नेहमीसारखे या."

"एडना, हा आदराचा प्रश्न आहे."

"आदर कसला डोंबलाचा. उगाच भलतं काही करू नका."

"का पण?"

 एडना फडकं घेऊन आधीच पुसलेला बार पुन्हा पुसायला लागली. रेजीला वाटलं, धंदा बुडेल म्हणून कुरकुरते. मलाही तेच वाटलं. आम्हा पाच जणांत मिळून एका कोंबडीएवढी अक्कल नव्हती.

रविवारी पब खच्चून भरला. सार्जंट डायसनसुद्धा साध्या कपड्यांत बायकोला घेऊन आला होता. बारवर रेजीची पाटी होती, काळ्या चौकटीत, सुंदर अक्षरात: 'सोलो चालू असताना बार बंद राहील.' त्याच्याकडे दुसऱ्या प्रकारची चौकट नव्हती.

एक चाळीसला विल्फचं गाणं आलं. आम्ही आमचा भाग वाजवला, शेवटचा सूर सोडला आणि विल्फने सोलो सुरू केला. आम्ही वाद्यं खाली ठेवली. आणि बसलो. हाताची घडी.

विल्फने थोडा वेळ बडवलं. मग आमच्याकडे बघितलं. मग हनुवटीने बारकडे खूण केली.

"आम्ही ऐकतोय, विल्फ," रेजी अंत्ययात्रेच्या आवाजात म्हणाला.

"काय ऐकताय?"

"तुला."

"कशाला?" विल्फच्या काड्या चालूच होत्या, पण जीव नसल्यासारख्या. "जा की. प्या जाऊन."

"आज नाही. आज तुझा मान."

"माझा मान नको मला. मॉरिस, तू तरी जा रे."

मी छातीवर हात ठेवून मान हलवली. आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं मला त्या क्षणी वाटत होतं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

विल्फच्या कपाळावर घाम आला. टण. मग काहीच नाही. मग टक, टक, जणू चुकीच्या घराचं दार वाजवतोय आणि आत कुणी नसू दे अशी प्रार्थना करतोय. पबात साठ-सत्तर माणसं श्वास धरून बसली होती. कुणीतरी खोकलं तर बाकीच्यांनी डोळे वटारले. जितकी शांतता वाढली तितका तो खचत गेला. बोटीवरच्या वादळात ज्याचा ताल चुकला नाही, त्या माणसाचा ताल आता ठोक्याठोक्याला तुटायला लागला. मी चार वेळा मनात म्हणालो, विल्फ, वाजव ना रे बाबा, काहीही वाजव. मला लाज वाटायला लागली. त्याची नाही, आमची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच्या आयुष्यातला शेवटचा सोलो आम्ही मान देऊन मारत होतो.

तेव्हा मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. तो आमच्याकडे बघत नव्हता, लोकांकडेही नाही. सगळ्यांच्या डोक्यांवरून तो बारकडे बघत होता. बारवरच्या पाटीमागे, पंपाच्या दांड्याकडे, तिथे लोंबकळणाऱ्या एडनाच्या रिकाम्या हातांकडे. बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसा.

एडनाने त्याच्याकडे बघितलं. मग आम्हा पाच जणांकडे बघितलं. ती नजर मी इथे लिहू शकत नाही, घरात लहान मुलं वाचतात. मग तिने रेजीची पाटी उचलून मागच्या बादलीत टाकली, एक ग्लास घेतला, पंपाखाली धरला आणि दांडा ओढला.

एक लांब ओढ. विल्फच्या ड्रमवर एक लांब उसळी उठली.

दुसरी ओढ, दुसरी उसळी. तिसरी ओढ, तिसरी. मग एडना थांबली, कारण फेस खाली बसावा लागतो. विल्फ थांबला. तो अर्थाने ओथंबलेला थांबा. मग तिने वरचा फेस भरून काढायला दांडा अर्धवट, बेताने, दोन-तीनदा हलवला. आणि विल्फच्या काड्यांनी दोन-तीन छोटे, संकोचलेले ठोके दिले. ग्लास बारवर ठेवला. झांज.

माझं तोंड उघडंच राहिलं. गिरणी कामगारांचा आक्रोश म्हणजे पाइंट भरायची पद्धत होती. एका क्षणात मला त्याची सगळी कारकीर्द कळली. बोटीवर बारवाला कॉकटेल हलवत असायचा, म्हणून तिथे विल्फने नाव काढलं. लंडनला वेटर कॉफी आणून ठेवायचा, त्यात कसला आलाय ताल? माणूस तहानेने परत आला नव्हता. त्याला डोळ्यांसमोर कुणीतरी काहीतरी हलवताना-भरताना दिसल्याशिवाय सोलो सुचतच नव्हता. आणि आम्ही बारला टेकून, त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचो ते बरंच होतं. आम्ही फक्त गिऱ्हाईक होतो. सोलो त्या दोघांचा होता.

दुसरा ग्लास. तिसरा. खरं सांगतो, सोलो सुरेख होता. एडनाचा हात जड पडला की ड्रम जड व्हायचा, तिने ओढता ओढता मनगट वळवलं की त्याच्या झांजेवर एक हलकी लकेर उमटायची. ही बाई नुसती बिअर भरत नव्हती. तिला माहीत होतं. चौथ्या ग्लासाला तिने मुद्दाम मध्येच हात रोखला आणि विल्फ हवेत काड्या धरून थांबला. तिने त्याला पूर्ण पाच आकडे मोजेपर्यंत तसंच लटकत ठेवलं, आणि मग सोडलं. अख्खा पब हसला. विल्फही हसला. अठ्ठावीस वर्षांत वाजवताना हसलेला मी त्याला पहिल्यांदा बघितला.

पाचवा. सहावा. सहावा ग्लास बारवर आला की सोलो संपतो. विल्फने शेवटच्या ठोक्यासाठी दोन्ही काड्या वर उचलल्या.

एडनाने सातवा ग्लास घेतला.

विल्फने तिच्याकडे बघितलं आणि काड्या खाली आणून पुन्हा सुरुवात केली. आठवा, नववा, दहावा. बारवर ग्लासांची रांग लागली. कुणी मागितले नव्हते, कुणी उचलतही नव्हतं. दोन वाजले. रविवारी दोनला बार बंद करायचा कायदा, आणि दोनच्या ठोक्याला घंटा द्यायला एडना कधी चुकली नव्हती. आज घंटेकडे तिने बघितलंही नाही. सगळ्यांनी सार्जंट डायसनकडे बघितलं. सार्जंटने घड्याळ काढलं, बघितलं, कानाला लावलं आणि बायकोला म्हणाला, "बंद पडलंय वाटतं." घड्याळाची टिकटिक मला स्टेजवर ऐकू येत होती.

अठराव्याला ग्लास संपले. एडनाने पाण्याचा जग भरला. मग लोणच्याची बरणी रिकामी करून ती भरली. मग फुलदाणी, फुलांसकट. मग भिंतीवरून डॉमिनोच्या स्पर्धेचा चषक काढला आणि त्यातही तीन लांब ओढी, थांबा, दोन-तीन छोट्या. तिचा चेहरा लाल झाला होता आणि बाह्या भिजल्या होत्या. विल्फचा खुबा दुखत असणार, कारण तो दात आवळून बसला होता, पण पेडल सोडत नव्हता. लोक आधी हसत होते. फुलदाणीनंतर कुणी हसेना. ती थांबली की तो थांबणार आणि तो थांबला की शनिवारी ब्रिडलिंग्टन, हे आता पाठीमागे दाराशी उभ्या असलेल्यांनाही कळलं होतं. माझ्या शेजारी रेजी पिकल्स, ज्याने हजार प्रेतं कोरड्या डोळ्यांनी पोचवली, तो बाहीने नाक पुसत होता.

शेवटी पिंपच संपलं. एडनाने दांडा ओढला तर पंपातून नुसती उचकी आली आणि थोडा फेस. विल्फने ड्रमवर तंतोतंत तशी उचकी दिली आणि काड्या मांडीवर ठेवल्या.

टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

"पिंप संपलं, विल्फ," एडना म्हणाली. दोघांच्यात पबभर माणसं होती, तरी ती हळूच बोलली आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुला माहीत होतं?" विल्फ म्हणाला.

"अठ्ठावीस वर्षं एक माणूस माझ्या हातांकडे बघतोय, ते मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास का?"

 विल्फने कपाळाचा घाम पुसला. त्याचे कान टॉफीच्या वेष्टनासारखे लाल झाले होते.

"तळघरातून नवं पिंप आणायला हवं," एडना म्हणाली.

"मला पायऱ्या नाही जमायच्या, एडना. खुबा गेलाय माझा."

"तुला कोण पिंप आणायला सांगतंय?" ती बाह्या पिळत म्हणाली. "पिंपं आणायला ही पाच गाढवं आहेत. तू इथे बारच्या आत खुर्ची टाकून बस आणि बघ. तेवढं तुला चांगलं जमतं."

आम्ही पाचही जण उठून तळघरात गेलो. पिंप जड होतं आणि जिना अरुंद, त्यामुळे आम्हाला बराच वेळ लागला. वर आलो तेव्हा विल्फ खुर्ची टाकून बसला होता.

शनिवारी त्याची बहीण ब्रिडलिंग्टनच्या स्टेशनावर दोन गाड्या बघून घरी गेली.